वरची पट्टी

मार्चचा दुसरा आठवडा. खाडीवरचा बर्फ
अजून आपला हट्ट सोडत नाही,
फक्त कडेकडेने करडा पडलाय,
भिजलेल्या वर्तमानपत्रासारखा.
टपालाची गाडी मी हेल्दुरच्या कुंपणाशी थांबवते
सहा चाळीसला. त्याच्या नावाचं पत्र बहुधा नसतंच.
तो उभा असतो. गळ्यात दुर्बीण, खिशात वही,
वहीला पेन्सिल, सुतळीने बांधलेली,
जशी पळकी शेळी बांधतात.

एकोणचाळीस वसंत आहेत त्याच्या वह्यांत.
पहिली टिटवी, पहिला धोबी,
हंस किती, कुठून कुठे, वारा कुठला.
विशेषण एक नाही.
एका एप्रिलमध्ये कधीतरी ‘सुंदर’ असं लिहून
खोडलेलं आहे, कागद फाटेपर्यंत.
आणि शेवटचा रकाना: पाहिला की ऐकला.

‘आला का?’ तो विचारतो.
चंडोलाबद्दल. दुसऱ्या कुणाबद्दल विचारणार?
आमच्या बेटावर चंडोल आला
की थंडी गाशा गुंडाळते म्हणतात,
पुढे दोनदा बर्फ पडला तरी म्हणतातच.

आणि आलेला असतो तो.
ऑस्करच्या नांगरटीवर, नजर थकते त्याच्याही वर
एक टिंब,
आणि त्या टिंबातून सांडत राहिलेलं ते सगळं.
हा श्वास कधी घेतो?
मी बोट वर करते.
हेल्दुर टोपी काढतो, कानामागे तळवा धरतो,
तोंड किंचित उघडं.

काही नाही.

एकतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढली त्याने.
करवतीला एक बोट दिलं नाही, हा त्याचा अभिमान.
तिने बोटं मागितलीच नव्हती.
तिने वरची पट्टी नेली,
दर दोन-तीन वर्षांनी एक पक्षी:
आधी स्प्रूसच्या शेंड्यातली ती चिमणीहून चिमणी,
सुईच्या आवाजाची,
मग खोडावर उंदरासारखा चढणारा तो तपकिरी,
मग रॉबिन, तोही अर्धाच.
‘मधले शब्द गाळून बोलतो हल्ली,’ हेल्दुर म्हणायचा.
आता हा.

‘लिही ना. मी ऐकला.’
‘मग तुझ्या वहीत लिही.’
‘माझ्याकडे वही नाही.’
तो माझ्याकडे असं बघतो
जणू मी अनवाणी आले आहे बर्फातून.

नंतरच्या पानावर टिटव्या आहेत. सात, पाहिल्या.
त्यांच्या आधी एक ओळ कोरी.

मग धुक्याची सकाळ.
मी सांगत होते फेरीबोटीची बदललेली वेळ,
लेइडाचं कंबरेचं ऑपरेशन, विजेचं बिल,
त्याने हात वर केला.
‘गप.’
मला काही ऐकू येईना. छपरावरून थेंब, तेवढंच.
‘नैऋत्येकडून,’ तो म्हणाला. ‘पुष्कळ आहेत.’
मी कानात प्राण आणले. थेंब. माझंच नाक.
आणि मग, बऱ्याच वेळाने,
कुणी जुनं जड कपाट ओढावं वरच्या मजल्यावर
तसे क्रौंच,
धुक्याच्या पलीकडून, एकही न दिसता,
डोक्यावरून, पुढे, समुद्राकडे.
हे खालचे स्वर. करवतीला हे नको होते.
त्याने लिहिलं: क्रौंच. संख्या माहीत नाही. ऐकले.
पेन्सिल इतकी दाबली की खालच्या पानावरही उमटलं.

माझ्या गाडीत, ‘पत्ता सापडला नाही’च्या एका चिठ्ठीवर
मीही लिहून ठेवलंय:
बारा मार्च, चंडोल, एक.
त्याला दाखवलेलं नाही.

आज पुन्हा तो नांगरटीवर चढला
आणि मी बोलता बोलता थांबले असणार,
कारण हेल्दुरने वर पाहिलंच नाही.
दुर्बीण छातीवर तशीच.
तो माझा चेहरा बघत होता,
एकटक, पापणी न लवता,
लांबचं बदक ओळखताना बघतो तसा.
बराच वेळ.
मग वही काढली,
त्या कोऱ्या ओळीपाशी पेन्सिल नेली, शेवटच्या रकान्यावर,
आणि तिथेच धरून राहिला.

पुढच्या घरचं टपाल आज उशिरा पोचलं.